थकबाकीदारांची पाटी

पाटीवर आपलं नाव येऊ द्यायचं नाही, मग काय वाट्टेल ते होवो, असं योहान पेंटरनं ठरवलं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. तो गप्प बसला असता तर फार तर नाव गेलं असतं. पण गप्प बसणं अमोलिकांच्या घराण्यातच नव्हतं.

पाटी पतसंस्थेची. घोडेगावच्या पतसंस्थेच्या संचालकांनी अठ्ठ्याण्णव साली ठराव केला की, ज्यांचे हप्ते थकलेत त्यांची नावं पत्र्यावर रंगवून जनावरांच्या बाजाराच्या फाटकाशी टांगायची. जागा कुणी निवडली देव जाणे, पण निवडणारा बेरकी होता. शुक्रवारी त्या फाटकातून निम्मा जिल्हा आत जातो. म्हशीचे दात बघायच्या आधी माणूस पाटी बघणार. त्यातून योहानची बायको ग्रेस गावातल्याच शाळेत तिसरीला शिकवायची, आणि तिच्या वर्गातली पोरं नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागली होती. त्या वयात पोरं दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतात, त्यांना आवरणार कोण?

कर्ज कशाचं, तर रेडियम कापायच्या मशीनचं. योहान चित्रकलेची ए.टी.डी. पदविका घेतलेला माणूस. मास्तरकीसाठी संस्थाचालकांनी जेवढे पैसे मागितले तेवढ्यात आख्खी शाळा विकत आली असती, म्हणून त्यानं पाट्या रंगवायचं दुकान टाकलं. हात असा की नुसती पाटी बघून लोक दुकानात शिरायचे. मग नगरला कॉम्प्युटरवर अक्षरं कापणारी मशीन आली, आणि ब्रशाचे दिवस संपले असं जो तो म्हणायला लागला. योहाननंही कर्ज काढून एक वापरलेली मशीन आणली. ती काही महिने बरी चालली. मग एके दिवशी लाइट गेली, ती परत आली ती दणक्यात आली, आणि मशीनमधून जळक्या रबराचा वास सुटला. पुण्याच्या ज्या दुकानातून मशीन घेतली होती तिथं आता साड्यांचा सेल लागला होता. एवढीच हकिकत. यात योहानचं काय चुकलं ते कुणीतरी सांगावं.

सांगितलं की! सगळ्या गावानं सांगितलं. शेजारच्या छबूबाई सर्वांत पुढे. त्यांनी जन्मात कुठल्या पतसंस्थेची पायरी चढली नव्हती, त्यामुळे या विषयातला त्यांचा अभ्यास दांडगा होता.

"नगरला एक हापिस हाय म्हनं," त्या म्हणाल्या. "आपलं कर्ज त्येच मिटिवत्यात. माझ्या भाचीच्या दिराचं निम्म्यात मिटिवलं."

"निम्म्यात? ते कसं काय?"

"त्ये मला कसं कळायचं? मी काय हापिस हाय व्हय?"

योहान एस.टी. धरून नगरला गेला. कापडाच्या दुकानावरच्या माडीत ते 'कर्जमुक्ती केंद्र' होतं. दारावरच्या पाटीची अक्षरं इतकी भिकार होती की योहाननं तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण आत पंखा होता, गोल फिरणाऱ्या खुर्च्या होत्या आणि टाय लावलेले योगेश सर होते.

"तुम्ही हप्ता भरता?" योगेश सरांनी विचारलं.

"जमेल तसा भरतो. मधूनमधून थकतो," योहान खाली मान घालून म्हणाला.

"हीच तर तुमची चूक आहे, अमोलिक. अजिबात भरू नका."

योहानला हा माणूस एकदम आवडला. आजवर भेटला तो प्रत्येक जण 'भर' म्हणत होता. इतका शिकलेला, टायवाला माणूस 'भरू नकोस' म्हणतो म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार. शास्त्र असं होतं: तुम्ही भरत राहिलात तर पतसंस्था तडजोड कशाला करेल? तिला आधी घायकुतीला आणायची. हप्ता बंद करायचा, तीच रक्कम दरमहा केंद्राकडे द्यायची, आणि पतसंस्था पुरती हैराण झाली की योगेश सर जाऊन निम्म्यावर मिटवणार. केंद्राची फी मात्र आधी. ती ग्रेसनं सकाळी दिलेल्या पैशांपेक्षा थोडीशीच कमी निघाली. असले लोक माणसाचा खिसा बाहेरूनच वाचतात.

त्या दिवसापासून योहान ताठ मानेनं हप्ता बुडवायला लागला. आधी हप्ता थकला की तो मागच्या गल्लीनं जायचा. आता तो मुद्दाम पतसंस्थेसमोरून जायचा, आणि मॅनेजर दिसले की म्हणायचा, "आमची माणसं येतील तुमच्याशी बोलायला." मॅनेजर बिचारे चहा पुढं करायचे. चहा योहान प्यायचा. माणसं काही आली नाहीत. नोटीस आली, आणि तीही योहानला नाही. ती आली भिमाजीला.

भिमाजी हा योहानचा पलीकडचा शेजारी. एस.टी.च्या नेवासा डेपोत मेकॅनिक. त्याच्या घराच्या कर्जाला योहान जामीन होता आणि योहानच्या मशीनला तो. आमच्याकडे जामिनाची सही वाटीभर साखरेसारखी उसनी मिळते. कशावर सही केली हे विचारणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान.

"पेंटर!" अंगणातूनच भिमाजीचा आवाज आला. "ही काय भानगड हाय? माझ्या पगारातून कापनार म्हंत्यात. अरं, प्रज्ञाची कालेजाची फी कुटून भरू मी? मशीन तुजी, वास तुज्या घरात, आन् कात्री माझ्या पगाराला?"

योहाननं नोटीस घेऊन उलटसुलट करून पाहिली. तरी तो छाती काढून म्हणाला, "भिमाजीदादा, हे सगळं योजनेप्रमाणे चाललंय."

"योजना बनिवनाऱ्याकडं चल मंग. बघू दे मला त्येचं थोबाड."

दोघं नगरला गेले. योगेश सरांनी नोटीस वाचली आणि योहानशी हात मिळवला. "अभिनंदन! समोरची पार्टी घायकुतीला आली!"

"घायकुतीला मी आलोय," भिमाजी म्हणाला.

"आता दुसरा टप्पा. वाटाघाटींची फी वेगळी लागेल," सर म्हणाले.

इथं मात्र योहानचं डोकं फिरलं. "आधीची फी आणि दरमहा दिलेले पैसे परत द्या," तो म्हणाला. सर हसले, घेतलेले पैसे परत देत नसतात म्हणाले, आणि समजूत म्हणून एक कॅलेंडर पुढं केलं. योहाननं कॅलेंडर घेतलं, काखेत मारलं, आणि ज्या फिरत्या खुर्चीवर बसला होता ती खुर्ची उचलली.

"अहो, अहो! हे काय?"

"निम्म्यावर मिटवतोय," योहान म्हणाला.

"मी जामीनदार हाय. माजाबी हक्क हाय," असं म्हणून भिमाजीनं दुसरी उचलली. योगेश सर जिन्यापर्यंत आले, पण खाली आले नाहीत. पोलिसांना बोलवायचं तर आधी आपला धंदा कसला ते सांगावं लागलं असतं. परतीच्या गाडीत भिमाजीला पास होता, खुर्च्यांना नव्हता. कंडक्टरनं ओळख असूनही दोन लगेजची तिकिटं फाडली.

खुर्ची घरात आली आणि तिच्यावर पहिल्यांदा बसले ते नोहाकाका. बँकेतून निवृत्त झालेले, चर्चचे पंच, आणि दुसऱ्याच्या खर्चावर बारीक नजर. ग्रेसनंच त्यांना बोलावलं होतं. "ते फी घेत नाहीत," एवढंच ती म्हणाली. योहाननं तेवढ्यावरून सावध व्हायला पाहिजे होतं. फी घेणाऱ्याला निदान घाई असते.

नोहाकाका खुर्चीत बसून गोल फिरले, थांबले, आणि म्हणाले, "कर्जदाराला पैसा नको असतो, योहान. शिस्त हवी असते. चहा किती वेळा?"

चहा निम्मा झाला. पेपर बंद झाला. रविवारचं मटण महिन्यातून एकदा, आणि तेही पाहुणे आले तर. पाहुण्यांनी मात्र महिन्यातून एकदाच यायचं. छबूबाई खिडकीतून ऐकत होत्या, त्यांनी साबणाची वडी दोऱ्यानं कापून वापरायची सूचना केली, ती काकांनी मानानं स्वीकारली. योहाननं दात-ओठ खाऊन सगळं मान्य केलं, कारण काका पतसंस्थेकडे रदबदली करणार होते. एकच विनंती त्यानं केली: "काका, हे चारचौघांत जायला नको."

"वेडा आहेस का? हे फक्त माझ्यात आणि प्रभूमध्ये."

त्यांनी शब्द पाळला. रविवारी उपासनेत प्रार्थनेला ते उभे राहिले, डोळे मिटले, आणि प्रभूला सगळं सांगितलं. "हे दयाळू पित्या, आमचा बंधू योहान कर्जाच्या खाईत पडला आहे. हावरा होता तो मटणाचा, पित्या, पण आता सुधारतो आहे. त्याच्या चहाकडे लक्ष ठेव. त्याची मशीन जळाली, ती आता कुणी भंगारातही घेत नाही, हे तू जाणतोसच." प्रभू जाणत असेल, पण मंडळी जाणत नव्हती. आता जाणायला लागली. शेवटी एवढं मोठं 'आमेन' झालं की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. ग्रेसनं पदर तोंडावर घेतला. ती रडतेय की हसतेय हे योहानला कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

बरं, काकांनी रदबदली खरोखर केली, आणि खोटं कशाला बोला, चांगली केली. हप्ता निम्मा, मुदत दुप्पट, दंडव्याज माफ, भिमाजीची नोटीस मागं. पतसंस्थेचे चेअरमन रंगनाथतात्या सगळ्याला तयार झाले. फक्त एक अट घातली.

"वार्षिक सभा हाय पुढल्या आठवड्यात," तात्या म्हणाले. "तितं उभं ऱ्हायचं, हात जोडायचे, आन् म्हनायचं, चुकलो, माफी असावी. सभासदांना जरा बरं वाटतं."

"माफीला काय पैसे पडतात का?" नोहाकाका कानात कुजबुजले.

"कशाची माफी?" योहान ताडकन उठला. "मशीन जळाली, मी जाळली नाही. पैसे बुडवून पळालो नाही. इथंच दुकान आहे, इथंच घर आहे. उसने घेतले, देणार आहे. त्यात चुकलो काय? चोरी केली का मी?"

"मंग पाटी लागंल," तात्या शांतपणे म्हणाले.

 घरी आल्यावर नोहाकाका म्हणाले, "गर्व." योहान म्हणाला, "आहे." आणि त्यानं उरलेला निम्मा चहाही रागानं पिऊन टाकला.

आता एकच दार उरलं होतं. दिवाळं. नगरच्या कोर्टात वृषालीताई नावाच्या वकील होत्या. शेंगदाणे खात खात त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि समोरच्याला मात्र एकही द्यायच्या नाहीत. योहान गेला तर भिमाजीही गेला. आता तो योहानला एकटं सोडायलाच तयार नव्हता.

"नादारीचा अर्ज करता येईल," ताई म्हणाल्या. "कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे. पाचशेच्या वर देणं असलं की चालतं."

"पाचशे?" भिमाजी म्हणाला. "मंग आख्खं घोडेगाव नादार हाय की."

"घरातलं सगळं जाईल का?" योहाननं विचारलं.

"भांडीकुंडी, अंथरूण, कपडे जात नाहीत. धंद्याची अवजारं जात नाहीत."

"माझे ब्रश?"

"अवजारंच ती. ब्रश तुमचे तुमच्याकडे."

योहानला कोर्टाविषयी आदर वाटला. इतक्या दिवसांत त्याच्या ब्रशाविषयी पहिल्यांदाच कुणी चांगलं बोललं होतं. अर्ज करायचाच असं त्याचं मनात ठरलंही. मग ताईंनी पुढचा शेंगदाणा तोंडात टाकला.

"अर्जाची जाहीर नोटीस पेपरात येते. म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते."

"पेपरात? माझं नाव?"

"मग काय माझं?"

म्हणजे गावातल्या पाटीवर नाव येऊ नये म्हणून ते जिल्ह्याच्या पेपरात छापून आणायचं! योहान हे गिळतो आहे तोवर ताईंनी शेवटचं सांगितलं, "आणि हो, तुम्ही नादार झालात तरी तुमचा जामीनदार सुटत नाही. पतसंस्था त्याला धरणार."

भिमाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "मंग मीबी नादार व्हतो. दोन अर्ज लिवा, ताई. काय सूट बसंल का?"

तो हसत होता. पण योहाननं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला लाज वाटली, खरी लाज, पाटीची वाटत होती त्याहून मोठी. हा माणूस एका सहीपायी पगार, पोरीचं कॉलेज, सगळं घेऊन आपल्याबरोबर कोर्टाच्या बाकावर बसलाय आणि वर चेष्टा करतोय.

"कुणी नादार होणार नाही," योहान उठत म्हणाला. "चला, दादा. ताई, फी किती?"

"बोलण्याची नाही घेत," ताई म्हणाल्या, आणि चमत्कारच झाला, त्यांनी दोघांच्या हातावर थोडेथोडे शेंगदाणे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर हातगाडी थांबली. गाडीवर कोरा पत्रा होता आणि बाजूला पतसंस्थेचे मॅनेजर घाम पुसत उभे होते. संस्थेची प्रत्येक पाटी आजवर योहाननंच रंगवली होती, अगदी 'चपला बाहेर काढाव्यात' इथपर्यंत. पत्रा आला की पेंटरकडे, हे संस्थेच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की, ही पाटी कुणाची, पेंटर कोण, याचा संचालकांपैकी एकानंही विचार केला नव्हता. मॅनेजरांच्याही ते दारात आल्यावरच लक्षात आलं.

"पेंटर," ते म्हणाले, "थकबाकीदारांची पाटी हाय. शुक्रवारच्या आत पायजे."

"नावं?"

मॅनेजरांनी कागद दिला आणि स्वतः आभाळाकडे बघायला लागले. तिसरं नाव होतं, 'योहान शमुवेल अमोलिक'.

छबूबाई कुंपणावरून वाकल्या. "तेवडंच गाळ की, बाबा. हात तुझा, रंग तुझा. कोन मोजतंय?"

"हाकलून दे," भिमाजी म्हणाला. "रंगव म्हनावं तात्याला."

योहान मात्र कागदाकडे बघत होता. बनी बर्डे, असं लिहिलं होतं. बाजारात भाकरी विकणारी बनुबाई, साठीची बाई, शेळ्या घेतल्या त्या रोगात गेल्या, आणि कागदावर नुसतं 'बनी'. पुढं कुणी 'किसन्या', कुणी 'म्हाद्या'. कर्ज मागायला आले तेव्हा हेच लोक 'सन्माननीय सभासद' होते. योहानची कानशिलं तापली.

"लिहितो," तो म्हणाला. "माझ्यासकट लिहितो. पण रेट अक्षरावर. आणि मजुरी माझ्या हातात नको, माझ्या कर्जखात्यात जमा करा, त्याची पावती द्या. आणि आधी भिमाजीदादांची नोटीस मागं घेतल्याचं पत्र. ते पत्र आल्याशिवाय डबा उघडणार नाही."

"तात्यांना इचारावं लागंल."

"विचारा. नाहीतर नेवाशाहून पेंटर आणा. तो 'थकबाकीदार' कसं लिहितो ते बघायला मीही येईन."

मॅनेजर गेले आणि संध्याकाळपर्यंत पत्र घेऊन परत आले. शुक्रवार तोंडावर आला होता, दुसरं करतात काय? वर सुप्याच्या आणि राजूरच्या शाखेसाठीही असल्याच पाट्या लागणार असल्याचं सांगून गेले.

ग्रेस शाळेतून आली तेव्हा योहान पत्र्याला अस्तराचा पांढरा हात मारत होता. तिनं कागद वाचला. नवऱ्याचं नाव वाचलं. 

"हे काय, नुसती नावं?" ती म्हणाली. "आमच्या हजेरीत तिसरीच्या पोरांनासुद्धा आम्ही 'कुमार' लावतो."

योहाननं बायकोकडे पाहिलं आणि मोठा ब्रश घेतला.

शुक्रवारी पाटी लागली. निळ्यावर पिवळी अक्षरं, प्रत्येक अक्षराला लाल सावली. असलं काम त्यानं आमदाराच्या बोर्डालाही केलं नव्हतं. 'श्रीयुत किसनराव'. 'श्रीयुत महादेवराव'. प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, शेवटी 'सन्माननीय सभासद'. आणि स्वतःचं नाव त्यानं तिसरं ठेवलं नाही, सगळ्यांच्या वर घेतलं, 'श्रीयुत योहान शमुवेल अमोलिक, ए.टी.डी.' गर्दी इतकी जमली की जनावरांना आत जायला वाट राहिना. एका व्यापाऱ्यानं तर विचारलं की या लोकांना पुरस्कार कसला मिळालाय.

बनुबाई तोंडावर पदर ओढून लांब उभ्या होत्या. भिमाजीनंच त्यांना हाताला धरून पुढं आणलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. "श्रीमती बनुबाई लहानू बर्डे, राहणार घोडेगाव."

"श्रीमती म्हंजी?"

"म्हंजी तुमी. मानाचं हाय."

बनुबाईंनी पदर खाली घेतला. आपल्या नावाच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. "देते की मी," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "समदं देते. म्या कुटं पळून चाललेय?" योहान उगीचच ब्रश पुसायला लागला.

तेवढ्यात तात्यांची जीप आली. तात्या उतरले, पाटी वाचली, आणि लाल झाले.

"हे काय केलंस, पेंटर? सत्कार मांडलाय का ह्यांचा?"

"नावं लिहिलीत, तात्या. पूर्ण लिहिलीत. थकली म्हणून माणसं अर्धी होत नाहीत."

"उतरवा ही!"

"बिल मंजूर झालंय, तात्या," मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाले. "आन् अक्षरावर हाय."

तात्यांनी अक्षरांवरून नजर फिरवली, मनात काहीतरी मोजलं, आणि खाकरले. गर्दी बघत होती. त्या गर्दीतल्या निम्म्यांच्या ठेवी त्यांच्याच संस्थेत होत्या. तात्यांनी आवाज उतरवला आणि योहानच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं, आयक. पाटीच्या मजुरीतनं तुजा थकलेला हप्ता जमा झालाय. नियमानं तू आता थकबाकीत न्हाईस. तुजं तेवडं पुसून टाक, आन् सरळ घरी जा. झालं गेलं."

"कर्ज फिटलं का माझं?"

"फिटलं कसं? लई बाकी हाय अजून."

"मग राहू द्या नाव. फिटेल त्या दिवशी मी माझ्या हातानं पुसेन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." योहाननं खांद्यावरचा हात हळूच खाली ठेवला. "आणि तात्या, जरा बाजूला सरका. मागच्यांना वाचता येईना."